टेबलाखालची पाच बोटं: विद्यार्थी थेरपिस्ट घडवताना

पहिल्या सेशनला बसलेला स्पीच थेरपीचा (वाचा-उपचाराचा) विद्यार्थी मुलाला चित्र दाखवतो, "हे काय?" विचारतो आणि मुलाने तोंड उघडण्याच्या आत स्वतःच "मासा! म्हण, मासा!" सांगून मोकळा होतो. घड्याळ लावून पाहिलं तर मध्ये जेमतेम एक-दीड सेकंद गेलेला असतो. एकतर्फी काचेच्या मागे बसून दर सत्रात (सेमिस्टरमध्ये) नव्या विद्यार्थ्यांची सेशन्स पाहताना ही चूक सगळ्यात आधी दिसते आणि सगळ्यात उशिरा जाते. शांतता पडली की विद्यार्थ्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं. समोरच्या मुलाला मात्र प्रश्न ऐकायचा असतो, शब्द शोधायचा असतो, जीभ-ओठ जागेवर आणायचे असतात. त्याला तेवढा वेळ लागतो, आणि लागतो म्हणूनच तो आपल्याकडे आलेला असतो.

उपाय साधा आहे. प्रश्न विचारला की टेबलाखाली एका हाताची बोटं एकेक करून मिटायची. पाचवं बोट मिटेपर्यंत ओठ बंद. पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा अडलेल्या मोठ्या माणसासमोर दोन्ही हातांची दहा बोटं. हे सांगायला एक मिनिट पुरतं, अंगवळणी पडायला बहुतेकांना अख्खं सत्र लागतं.

पण थेरपी ही पुढची पायरी. सुरुवातीचे काही आठवडे विद्यार्थी फक्त पाहतो आणि लिहितो. वहीच्या पानावर मधोमध रेघ: डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे त्यावरून काय वाटलं ते. पहिल्या दिवशी डावीकडेच "मूल कंटाळलं होतं" असं लिहून येतं. हा निष्कर्ष झाला. दिसलं काय? "चार मिनिटांत तीनदा दाराकडे पाहिलं, दोनदा चित्र उलटं ठेवलं." आता उजवीकडे कंटाळा लिहिता येईल, तसंच "काम अवघड गेलं असेल" हेही लिहिता येईल आणि "ऐकू आलं नसेल" हेही. डावा रकाना नीट भरता आला की पुढचं अर्धं काम सोपं होतं, म्हणून तिथे आम्ही चिकटपणाने पुन्हा पुन्हा लिहायला लावतो.

मग केस हिस्टरी. छापील फॉर्म वरून खाली वाचत गेलं की पालक "हो", "नाही", "नॉर्मल" एवढंच सांगतात. "मुलाला समजतं का?" असं विचारलं तर जवळजवळ प्रत्येक आई "सगळं समजतं" म्हणते, कारण घरात शब्दाबरोबर हातवारे असतात, नजर असते, रोजची वेळ ठरलेली असते. त्याऐवजी "पाणी हवं असलं की तो काय करतो?" विचारावं. हात धरून नेतो, बोट दाखवतो, रडतो, "पा" म्हणतो, की स्वतःच घेतो? या एका उत्तरात गरज, हेतू आणि शब्द तिन्हींचा अंदाज येतो. समज तपासायची तर हात मागे ठेवून, वस्तूकडे न पाहता "बूट आण" म्हणायचं. दुसरा नेहमीचा घोळ शब्दांचा. पालक "तोतरं" आणि "बोबडं" यांची अदलाबदल करतात. उच्चार बदलणारं, "कार"ला "तार" म्हणणारं मूल बोबडं. "क-क-कार" म्हणणारं, मध्येच अडकणारं ते तोतरं. विद्यार्थ्याने पालकांचा शब्द जसाच्या तसा लिहावा आणि लगेच "कसं बोलतो ते करून दाखवता का?" विचारावं.

श्रवण तपासणीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय भाषेच्या चाचणीची पेटी उघडायची नाही. "हाक मारली की बघतो" याला पुरावा मानत नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असेल तर मूल हाकेला वळतं, पण शब्दातले बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

तोंडाची तपासणी हातमोजे, टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी घेऊन होते. विद्यार्थी जीभ बाहेर काढायला लावतात, दात मोजतात आणि टॉर्च विझवतात. टाळूच्या मागच्या भागापर्यंत उजेड गेला पाहिजे. पडजीभ दुभंगलेली आहे का? मऊ टाळूच्या मध्यरेषेवर निळसर, पातळ पट्टा दिसतो का? कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला खाच लागते का? ही तीन चिन्हं टाळूच्या अस्तराखाली लपलेल्या फटीची असू शकतात. अशा मुलाला महिनोन्महिने फुंकर मारायला लावून काही साधत नाही, त्याला आधी शल्यचिकित्सकाकडे पाठवायचं असतं. सोबत नाकाची चाचणी: "पापा बाबा ताटा" असे नाकातले वर्ण नसलेले शब्द आधी नाक मोकळं ठेवून आणि मग चिमटीत धरून म्हणायला लावायचे. आवाज बदलला तर हवा नाकातून निसटते आहे. आणि जीभ जोडलेली आहे म्हणून मूल बोलत नाही, ही समजूत विद्यार्थी घरून घेऊन येतात. जिभेखालचा ताणलेला पडदा काही उच्चारांना थोडीफार अडचण करू शकेल, पण मूल शब्दच बोलत नसेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

भाषेचा नमुना घेणं हे मला या सगळ्या शिक्षणातलं सर्वांत रंजक काम वाटतं, आणि तिथेच विद्यार्थी सगळ्यात जास्त वैतागतात. मुलाची किमान ५० वाक्यं, जमल्यास १००, खेळताना रेकॉर्ड करायची आणि त्याच दिवशी उतरवून काढायची. दुसऱ्या दिवशी उतरवायला घेतली की निम्मे शब्द "अस्पष्ट" होतात, कारण मुलाच्या हातात तेव्हा काय होतं ते आठवत नाही. मग वाक्याची सरासरी लांबी काढायची, म्हणजे एका वाक्यात शब्द आणि प्रत्यय धरून सरासरी किती अर्थपूर्ण घटक आले ते. इथे पहिली अडचण: विद्यार्थ्याने तीस वेळा "हे काय आहे?" आणि "याचा रंग कोणता?" विचारलेलं असतं. उत्तरं अर्थातच एकेका शब्दाची. सरासरी घसरते आणि रिपोर्टमध्ये ती मुलाच्या नावावर चढते. म्हणून उतरवताना स्वतःचे प्रश्नही उतरवायला लावतो. "मग काय झालं?" आणि "अरे बापरे, पडली!" अशा बोलण्यावर मूल किती लांब बोललं, ते शेजारी ठेवून बघायचं.

दुसरी अडचण मराठीची स्वतःची. सरासरी मोजायचे नियम रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून मांडले. ते मराठीला तसेच लावता येत नाहीत. "मुलांना" यात घटक किती? "मूल" आणि "ना" असे दोन, की अनेकवचनी सामान्यरूपाचा वेगळा धरून तीन? "पडला" यात "पड", भूतकाळाचा "ल" आणि पुल्लिंगी एकवचनाचा "आ" असे तीन धरायचे का? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. चालत नाही ते पहिल्या पानावर एक नियम आणि चौथ्या पानावर दुसरा. त्यामुळे मोजणी सुरू करण्याआधी नियम कागदावर लिहून फाइलला लावायचे. सहा महिन्यांनी दुसरा कोणी पुन्हा नमुना घेईल तेव्हा त्याला तोच कागद लागतो, नाहीतर मुलाची प्रगती झाली की मोजणाऱ्याचा नियम बदलला, हे कळायला मार्ग उरत नाही.

उद्दिष्टं लिहिण्याचं प्रकरण थोडक्यात सांगतो. "क चा उच्चार सुधारणे" असं लिहून आणलं की कागद परत. कोणत्या जागेवरचा "क", कशाच्या मदतीने, किती वेळा, हे त्यात यायला हवं: "शब्दाच्या सुरुवातीचा क, चित्र पाहून, नमुना न देता, २० पैकी १६ वेळा बरोबर, सलग दोन सेशनमध्ये." शिवाय दहा शब्द असे बाजूला ठेवायचे, जे थेरपीत कधीच वापरायचे नाहीत. दर काही सेशन्सनंतर फक्त तेच दहा विचारायचे. घोटवलेले शब्द आले म्हणजे वर्ण आला असं होत नाही. या दहांत आला तर आला.

आता "क" च्या जागी "त" म्हणणाऱ्या चार-साडेचार वर्षांच्या मुलाचं सेशन घेऊ. जिभेचं टोक पट्टीने अलगद खाली धरलं की मागचा भाग आपोआप उचलला जातो. पाठीवर निजवलं तर जीभ स्वतःच्या वजनाने मागे जाते, तोंडात घोटभर पाणी नसतानाही "गुळण्या कर" म्हटलं की घसा तिथेच लागतो. एकदा सुटा "क्" मिळाला की "का, कू", मग "नाक, काका", मग "लाल कार", मग वाक्य, मग गप्पा. विद्यार्थी या पायऱ्या परीक्षेत घडाघडा लिहितात आणि खोलीत मात्र सुट्या वर्णावरून थेट "कावळा काय करतो?" वर उडी मारतात. मूल पुन्हा "तावळा" म्हणतं. चुकलं तर एक पायरी खाली यायचं, दोनदा सलग बरोबर आलं तर तिथेच थोडं खेळून मग वर जायचं.

"कार" आणि "तार" अशी चित्रांची जोडी इथे फार उपयोगी पडते. मूल "तार" म्हणालं की मुकाट्याने तारेचं चित्र हातात द्यायचं. त्याला हवी असते गाडी. काय बिनसलं हे त्याला आपल्या कुठल्याही सूचनेपेक्षा लवकर समजतं, पण त्यासाठी पाच बोटं मिटेपर्यंत गप्प बसता आलं पाहिजे.

अर्ध्या तासात मुलाने किती वेळा तो वर्ण उच्चारला ते मोजा म्हटलं की विद्यार्थ्यांचे चेहरे पडतात. वीस-पंचवीस. बाकीचा वेळ जातो कुठे? डबा उघडण्यात, चित्रं शोधण्यात, स्टिकर निवडण्यात. मुलाने स्टिकर निवडायला चाळीस सेकंद घेतले आणि दहा स्टिकर दिले, की जवळजवळ सात मिनिटं गेली. आम्ही ५० च्या खालचं सेशन कमी मानतो आणि १०० च्या आसपास पोचायला सांगतो. चित्रं क्रमाने लावून आधीच मांडीवर ठेवायची, बक्षीस असं निवडायचं की दोन सेकंदांत उरकेल: एक मणी डब्यात, एक ठोकळा मनोऱ्यावर.

आणि ते "छान". विद्यार्थी घाबरला की प्रत्येक उत्तराला "छान" म्हणतो, चुकलेल्यालाही. काचेमागे बसून आम्ही शेरे लिहित नाही, वेळ आणि घडलेलं लिहितो. एका पानावर असं काही दिसेल (सेशनची मिनिटं:सेकंद): "१२:४०, तो 'तप' म्हणाला, तू 'छान' म्हणालीस. १२:५२, 'कप' म्हणाला, तू पुढचं चित्र शोधत होतीस. १३:१०, 'तप', 'छान'." हे वाचून झाल्यावर बोलायला फारसं काही उरत नाही. छानच्या जागी काय म्हणायचं ते मात्र शिकवावं लागतं: "आता मागून आला आवाज." "हा पुढून आला, परत बघू."

नोंदी करतानाही अशीच ओढाताण होते. कागदावर डोळे गेले की मूल निसटतं, मुलाकडे पाहिलं की नोंद राहते. प्रत्येक उच्चार टिपायची गरज नसते. सुरुवातीचे २० आणि शेवटचे २० टिपले तरी चालतात. बरोबरला अधिक, चुकीला उणे, मदत घेऊन आलेल्याला गोल. गोलांना अधिकात मिसळलं की आकडा फुगतो आणि पुढच्या आठवड्यात मूल "अचानक बिघडतं".

याहून कपटी चूक कानाची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत विद्यार्थ्याचा कान त्या मुलाला सरावतो. "त" आणि "क" च्या मधला काहीतरी आवाज त्याला "क" ऐकू यायला लागतो. यात अप्रामाणिकपणा नसतो, सवय असते. म्हणून दोघांनी तेच रेकॉर्डिंग वेगवेगळं ऐकून गुण द्यायचे आणि जुळणी काढायची: ४० शब्दांपैकी ३० जुळले तर ७५ टक्के. ८० च्या खाली आलं की न जुळलेले दहा शब्द एकेक करून पुन्हा ऐकायचे. कधीकधी चूक आमची निघते. आमचा कानही त्याच मुलाला सरावलेला असतो.

तोतरेपणाच्या केसला विद्यार्थ्याच्या तोंडून हमखास "हळू बोल, श्वास घे" निघतं. त्या माणसाने हे आयुष्यभर ऐकलेलं असतं. या क्षेत्राचे एक आद्य अध्यापक चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः अडखळत बोलत, आणि मुद्दाम अडखळून बोलण्याचा सराव त्यांच्या उपचारपद्धतीत होता. विद्यार्थ्यांनाही आम्ही तो देतो: अनोळखी माणसाला फोन करून मुद्दाम अडखळत एक चौकशी करायची आणि आपल्या पोटात काय झालं ते लिहायचं. फोन लावायच्या आधीच्या दहा मिनिटांबद्दल जो लिहितो त्याला मुद्दा समजला.

मोजणीतही गोम आहे. अडखळलेल्या अक्षरांचं प्रमाण काढताना ३०० पैकी १२ म्हणजे ४ टक्के, एवढं सोपं. पण ही अक्षरं कानाने मोजायची असतात. "करवत" कागदावर चार अक्षरं आहे, तोंडात मात्र "कर-वत" असे दोनच ठोके. कागदावरची अक्षरं मोजणाऱ्याचा भाजक वाढतो आणि तोतरेपणा आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. "म्हणजे", "ते हे" असली भरताडं अडखळण्यात धरायची नाहीत, ती सगळेच वापरतात.

वाचाघाताच्या रुग्णांकडे विद्यार्थी घाबरत जातात आणि त्यांच्याऐवजी शेजारी बसलेल्या मुलीशी बोलायला लागतात. "बाबांना काय आवडतं?" बाबा समोर बसलेले आहेत. खुर्ची वळवून त्यांनाच विचारायचं. शब्द अडला तर मदतीचा क्रम कमीकडून जास्तीकडे: आधी दहा बोटं, मग "वेळ बघायला वापरता", मग मनगटाकडे खूण, मग "भिंतीवर टिकटिक करतं ते...", मग "घ...", शेवटी पूर्ण शब्द. विद्यार्थी थेट "घ" देतात, कारण तो लगेच काम करतो. पण घरी "घ" द्यायला कोणी नसतं. "हो-नाही" वर विसंबण्याआधी ते भरवशाचं आहे का हे पाहायचं. "तुम्ही खुर्चीवर बसला आहात ना?" याबरोबर चुकीचं नाव घेऊन "तुमचं नाव हेच ना?" असंही विचारायचं. दोन्हींना "हो" आलं, तर आतापर्यंतची सगळी "हो" उत्तरं खोडावी लागतात.

गिळण्याच्या तक्रारीत विद्यार्थ्याला एकटं सोडत नाही. ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला, हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. काहींच्या श्वासनलिकेत पाणी गेलं तरी खोकला येतच नाही. गिळल्यानंतर आवाज ओला, गुळगुळीत झाला का, श्वास वाढला का, हे पाहायचं, आणि शंका आली की क्ष-किरणाखालच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीशिवाय पुढे जायचं नाही. द्रव घट्ट करून द्यायचा असेल तर तो डोळ्यांनी जोखू देत नाही. १० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढलेली, ० ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली. टोक बोटाने बंद करून १० पर्यंत भरायची, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचं. १ ते ४ मिली उरलं तर आंतरराष्ट्रीय मापपट्टीची पहिली पातळी, ४ ते ८ दुसरी, ८ च्या वर पण थोडं तरी वाहिलं तर तिसरी. दुसऱ्याच आकाराची सिरिंज उचलली तर मोजमाप फसतं. काही पावडरी ठेवल्यावर आणखी घट्ट होतात, म्हणून मोजायचं ते पाजण्याच्या वेळी.

पालकांशी बोलणं शेवटी शिकवतो, हे खरं तर चुकीचं आहे. "बोलेल ना हो?" या प्रश्नावर विद्यार्थी "हो, नक्की" म्हणून टाकतो. आज काय येतंय, पुढची पायरी कोणती, ती कधी तपासणार, एवढंच सांगायचं. घरी दोन भाषा असतील तर "एक सोडा" असा सल्ला द्यायचा नाही. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, आणि आजीशी बोलायची भाषा काढून घेतली तर सरावच घटतो. घरचा अभ्यास पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. अर्धा तास सांगितला की पहिल्या दिवशी होतो आणि नंतर होत नाही.

आणि आम्ही, काचेमागचे? जीन अँडरसन यांनी १९८८ मध्ये पर्यवेक्षणाचे तीन टप्पे मांडले: आधी पर्यवेक्षक सांगतो, मग दोघं मिळून ठरवतात, शेवटी विद्यार्थी स्वतःचं काम स्वतः जोखतो. वाचायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात मूल रडायला लागलं की हात दाराच्या कडीकडे जातो. म्हणून दार उघडायची कारणं आधी ठरवून ठेवलेली बरी: जिवाला धोका, इजा होईल अशी कृती, किंवा विद्यार्थ्याने ठरलेली खूण केली. पेन्सिल उभी धरली की आत ये. बाकी काहीही झालं तरी बसून राहायचं. मूल टेबलाखाली जाऊन बसलं आणि विद्यार्थिनीला सुचेना, तरीही. काचेमागे आमचीही बोटं मिटत असतात, आणि ती पाचच्या पुढे बरीच जातात. सेशननंतरच्या चर्चेतही पहिलं वाक्य विद्यार्थ्याचं असावं. स्वतःच्या चर्चेचं रेकॉर्डिंग ऐकून कोण किती वेळ बोललं ते मोजून पाहावं, आकडा सुखावणारा नसतो.

सत्र संपलं की मूल दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जातं, आणि तिथे दोन-तीन आठवडे मागे पडतं. ते टाळायला दोन सेशन्स जुना आणि नवा विद्यार्थी मिळून घेतात: पहिलं जुना चालवतो, दुसरं नवा. हस्तांतराच्या कागदावर टक्केवारी, वापरलेले शब्द, बाजूला ठेवलेले दहा शब्द आणि मोजणीचे नियम असतातच. त्याखाली आम्ही चार ओळी मोकळ्या ठेवतो, कोणत्याही फॉर्ममध्ये न बसणाऱ्या गोष्टींसाठी. तिथे अशा नोंदी येतात: "टेबलाखाली गेला तर बोलावू नये. आपणही खाली बसावं, गाडी मध्ये ठेवावी, गप्प राहावं. साधारण अर्ध्या मिनिटाने स्वतःच 'कार' म्हणतो."